नदीपलीकडे चाखलेली वाइन

माझ्या नातीला थुंकायचा पगार मिळतो, ही बातमी मला अंगणात बसल्या बसल्या कळली. उन्हाळा लागला होता. कुरड्यांसाठी गहू भिजत घातला होता आणि त्याचं आंबूस पाणी बदलताना मी फोन समोरच्या पाटावर उभा करून ठेवला होता. नात तिकडून बोलत होती. तिकडून म्हणजे पृथ्वीच्या पार खालच्या अंगाहून. तिथल्या एका थंड समुद्राच्या काठी द्राक्षाचा मळा आहे, त्या द्राक्षांची वाइन करतात आणि आमची ही पोरगी त्या मळ्यात कामाला आहे. आपल्याकडे कुरड्या घालायचे दिवस येतात तेव्हा तिच्याकडे द्राक्षांची तोडणी चालू असते. थकलेली दिसत होती, पण डोळे लखलखत होते.

"आजी, आज सकाळपासून नुसती पिंपांतली वाइन चाखते आहे. एक झालं की दुसरं."

"अन् मंग अजून उभी कशी तू?"

"पीत नाही गं. तोंडात घ्यायची, फिरवायची, थुंकून टाकायची. सगळे असंच करतात. नाहीतर दुपारी मळ्यात माणसं कमी आणि आडवे जास्त."

"म्हणजे तुले थुंकायचा पगार मिळते?"

"असंच समज!"

मी एवढी हसले की परातीतलं पाणी सांडलं. मग मात्र मला हळहळ वाटली. उभी हयात मी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला. ओसरीच्या पायरीवर बसून पार त्या टोकाच्या मोगऱ्याच्या आळ्यात नेम धरून पिचकारी मारायचे, एकदा चुकली नाही. एवढी कला अंगात, आणि पगार दूरच, उलट सुनेची बोलणी खाल्ली. शेवटी दातांच्या डॉक्टरनं खर्रा बंद केला. चुकीच्या देशात जन्मले, दुसरं काय!

पण हसणं वेगळं आणि घरातली गोष्ट वेगळी. आम्ही आष्टीजवळच्या खेड्यात राहतो. आम्ही बौद्ध. सकाळी वंदना झाल्याशिवाय माझा चहा होत नाही, आणि वंदनेत पाचवं शील येतं: नशा आणणाऱ्या पदार्थांपासून मी दूर राहीन. वरून आमच्या अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणजे माझ्या दाराला या बाबतीत दोन कुलपं, एक सरकारचं आणि एक माझं. सरकारी कुलपाची किल्ली नदीपलीकडे असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथं मुभा. संध्याकाळी पुलावरून जाणारे कोण आणि रात्री डुलत येणारे कोण, हे आमच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही.

माझा धाकटा दीर त्यांतलाच एक होता. स्वभावानं लोणी. माझ्या मुलाला त्यानं खांद्यावर बसवून बैलबाजार दाखवला, विहिरीत पोहायला शिकवलं. एका संध्याकाळी तो पूल ओलांडून परत येताना पडला तो उठलाच नाही. त्याला आणायला जी माणसं गेली त्यांच्यात माझा मुलगा होता. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आता तो स्वतः बाप आहे, संत्र्याच्या बागेचा मालक आहे, पण पुलावर गाडी आली की अजून आपोआप हळू करतो. दारू हा शब्द आमच्या घरात निघत नाही. हे तिसरं कुलूप, आणि ते सगळ्यांत जड.

अशा माणसाची एकुलती मुलगी. मायक्रोबायॉलॉजी शिकली, मग पदार्थ आंबवणाऱ्या बारीक जिवांचं काही शिकायला परदेशी गेली, तेव्हा यानं गावभर पेढे वाटले. त्याच्या डोळ्यांसमोर संत्र्याच्या रसाचा कारखाना होता. ती सुट्टीत खर्चाला पैसे हवेत म्हणून द्राक्षं तोडायला गेली, आणि तिथलीच झाली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं रविवारच्या रविवारी चालू होतं. जेवली का, थंडी किती, सर्दी गेली का. कामाबद्दल मात्र अक्षर नाही. ती मुद्दाम काढायची, "बाबा, या आठवड्यात छाटणी केली," की हा म्हणायचा, "हं. थांब, मायले देतो," आणि फोन माझ्या हातात. इकडून पाहिलं तर किती प्रेमळ घर! आजीला बोलायला मिळावं म्हणून बाप फोन सोडतो.

मळ्याची मालकीण तिला कायमची ठेवून घ्यायला तयार होती. पोरीच्या तोंडून हो निघतच नव्हतं.

"बाबा असे गप्प असताना मी हो कशी म्हणू, आजी? त्यांनी रागावलं तरी चालेल. भांडलं तरी चालेल. पण विचारावं तरी, की बाई, तू दिवसभर करते काय?"

मी म्हटलं, "विचारन तो."

कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. देव आम्ही मानत नाही, म्हणजे कोणीच जाणत नाही.

आता जरा फौजदारीणबाईंची ओळख करून देते. फौजदारीणबाई म्हणजे मीच, विशीतली. नवी सून, नऊवारीचा कासोटा घट्ट, आवाज खणखणीत आणि अक्कल अजून सासरी पोचायची होती. गावात बायांचं दारूबंदीचं मंडळ निघालं, आणि पुढं कोण? या. लग्नाच्या वराती अडवून वऱ्हाड्यांची तोंडं हुंगायच्या. स्वतःच्या सासऱ्यांना एकदा भर अंगणात पकडलं, तर ते होमिओपॅथीचे थेंब निघाले. सासरे बिचारे म्हणाले, "सूनबाई, खोकला आहे. परवानगी असेल तर खोकतो."

पण बाईंचं खरं नाव झालं ते म्हशीमुळं. मोह पिकायच्या दिवसांत एका घराच्या मागून आंबल्याचा, गोडसर वास यायला लागला. बाईंच्या नाकानं निकाल दिला: मोहाचा सडवा. म्हणजे दारू काढायला भिजत घातलेली मोहफुलं. लगेच मंडळ जमलं, काठ्या निघाल्या, घोषणा झाल्या. कडब्याच्या गंजीच्या उबेला गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं सापडलं आणि बाईंनी एका दणक्यात फोडलं. आत होतं आंबोण. घरच्या म्हशीला नुकतंच पारडू झालं होतं. तिच्यासाठी ढेप, कोंडा आणि गूळ भिजवून ठेवला होता. म्हैस दावं ओढत आली आणि साऱ्या मंडळाच्या देखत अंगण चाटून पुसून स्वच्छ केलं. घरची बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"झालं का समाधान, फौजदारीणबाई? आता रोज येजो अन् म्हशीले आंबोण तूच भिजवून देजो."

आणि सासूबाईंनी मला खरंच पाठवलं. पारडू मोठं होईपर्यंत मी त्या घरी आंबोण भिजवत होते. वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण आज त्या बाईचे पाय धरावेत असं वाटतं. कारण आंबणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. पहिल्या दिवशी वास नुसता गुळाचा असतो. मग त्याला एक टोक येतं, नाकाला गुदगुली होते. मग आंबट, पण तोंडाला पाणी सुटेल असं. आणि तिथून अर्धा दिवस इकडचा तिकडे झाला की सडका. म्हैस तोंड लावायच्या आधी मी सांगायला लागले, ही खाईल का नाही. पुढं कुरड्यांचा गहू, आंबील, जिलबीचं पीठ, कैरीचं लोणचं, गल्लीतल्या बाया माझ्याकडे वाटीत आणून द्यायच्या: "हुंगून सांगा जी, झालं का?" ही नात चड्डीत होती तेव्हापासून माझ्या मांडीला चिकटून तिचंही नाक वाटीत. "आजी, मी सांगू? मी सांगू?" ती परदेशी जाऊन काय शिकली ते तिचे शिक्षक जाणोत. पाया म्हशीचा आहे.

तर ती गेल्या हिवाळ्यात घरी आली. आली म्हणजे सरळ नाही आली. नागपूरला विमानातून उतरली आणि काटोल-वरूडच्या रस्त्यानं आधी माझ्या धाकट्या बहिणीकडे गेली. बहीण नदीपलीकडे दिलेली, तिचीही संत्र्याची बाग. तिथं सामानातली एक बाटली उतरवून ठेवली, मग हात हलवत पूल ओलांडून आमच्याकडे. वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत तिनं थेंबही आणला नाही. जेवणं झाल्यावर माझे पाय दाबता दाबता हळूच सांगितलं. मालकिणीनं तिला वेलींची एक रांग दिली होती, तुझ्या मनानं कर म्हणाली होती. त्या रांगेची ती वाइन. तिची पहिली.

"तू चाखशील, आजी? तिकडे सगळे चांगलं म्हणतात. ते सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. तू खोटं बोलत नाहीस."

"मी रोज शील घेते, पोरी."

"मग थुंक."

रात्रभर मी त्या शिलाकडे चारी बाजूंनी पाहिलं. पिण्यापासून दूर राहीन, हे कबूल. चाखून घमेल्यात थुंकणाऱ्या म्हातारीबद्दल त्यात काही म्हटलेलं मला सापडलं नाही. मी वकील झाले असते तर पुष्कळ लोक सुटले असते. दुसऱ्या दिवशीपासून मोरीवर उभी राहून अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत तोंडात घेऊन सराव सुरू केला. खर्रा सुटून बरीच वर्षं झाली होती, नेम बिघडला होता.

सून दारात येऊन उभी. "आई, काय करून राह्यल्या?"

"गुळण्या."

"सरबताच्या?"

"मंग काय मिठाच्या पाण्यानंच कराव्या, असा कायदा आहे का?"

मुलाशी खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं. सकाळी तो बागेतून आला, हातपाय धुवून बसला, तेव्हा सांगून टाकलं, "मावशीकडे चलतं का? पोरीनं तिथं तिनं केलेली बाटली ठेवली आहे. मी चाखणार आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की फौजदारीणबाई असत्या तर त्यांनी स्वतःलाच अटक केली असती.

"तू, माय?"

"हाव, मी."

तो पंच्यानं पायाच्या बोटांमधलं पाणी पुसत राहिला. मग म्हणाला, "गाडी काढतो. मी मावशीच्या बागेत थांबन. मले आत बोलवजो नको."

"नाई बोलवत."

पुलावर गाडी हळू झाली. तिघंही खिडकीबाहेर पाहत होतो, नदी पाहत असल्यासारखे.

बहिणीनं ओसरीवर सतरंजी टाकून ठेवली होती. मुलगा दारातूनच बागेकडे वळला. त्याच्या पाठीकडे पोरगी पाहत राहिली, मग आत जाऊन बाटली घेऊन आली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, चित्र नव्हतं, गळ्याला नुसता एक लाल दोरा बांधलेला. रंग दिसायला काचेचा ग्लास हवा म्हणाली. बहिणीकडे सगळे स्टीलचे. शेवटी तिनं शोकेस उघडली आणि तिच्या लग्नात आलेले, सोनेरी काठाचे, आजवर एकाही पाहुण्याच्या नशिबी न आलेले ग्लास काढले. आणि थुंकायला? बहीण गेली आणि माल कालवायचं लोखंडी घमेलं घेऊन आली.

"एवढं मोठं?"

"बाई, तुझा काय भरवसा. खर्ऱ्याचे दिवस मी पाह्यले आहे."

पोरीनं ग्लासात बोटभर ओतली. मला वाटलं होतं काळीकुट्ट निघेल. ही तर पातळ, उन्हात धरली तर बोटं दिसावीत अशी लाल, आणि जराशी गढूळ.

बहीण वाकून म्हणाली, "गाळली नाई का वो? अन् पाणी टाकलं का? रंग काऊन फिका?"

"थंडीतली द्राक्षं आहेत, लहान आजी. ऊन कमी मिळतं, साल पातळ राहते. आणि गाळत नाही आम्ही. बाहेरून काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. द्राक्षाच्या सालीवर जे आंबवणारं असतं, तेवढ्यानंच होतं सगळं."

"कुरड्यांच्या गव्हासारखं," मी म्हटलं.

"तसंच, आजी. अगदी तसंच."

मी ग्लास नाकाशी नेला. आणि खरं सांगते, पहिला वास गोठ्याचा आला. ओल्या गोणपाटाचा, शेणानं सारवलेल्या भिंतीचा. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला लगेच कळलं. तिचा चेहरा पडला.

"गोठा ना? मला माहीत होतं. तिकडे पण कधी येतो, कधी नाही."

"गप बस. गोठ्याचं मले सांगू नको. जाईल तो."

विशीतल्या बाईंनी एका हुंगण्यात मडकं फोडलं होतं. मी ग्लास हातात धरून बसले. हलवला, पुन्हा बसले. बहिणीनं मध्येच दोन जावांची भांडणं सांगून घेतली. मग पुन्हा नाक नेलं तर गोठ्याचं दार कोणी लोटून घेतल्यासारखं, आणि मागून जांभूळ. पिकून खाली पडलेलं, मातीला लागलेलं. थोडे मिरे. पहिली चूळ घेतली. आधी आंबट, लखकन, अंबाडीसारखी. जबड्याच्या मुळाशी पाणी सुटलं. मग जीभ कोरडी पडली, तेंदूचं कच्चं फळ, टेंभरू, खाल्ल्यावर पडते तशी. आणि सगळं उतरल्यावर ओठांवर काहीतरी राहिलं. मी घमेल्यात नेम धरून थुंकले. नेम लागला. बहिणीनं टाळी वाजवली.

"पोरी, मीठ टाकलं का यात?"

ती एकदम सरळ बसली. मग म्हणाली, "नाही आजी. समुद्राचा वारा येतो मळ्यात. पानं चाटली तर खारट लागतात."

मी समुद्र पाहिलेला नाही. आमचं जाणं-येणं सेलू, वर्धा, फार तर नागपूर. एकदा विहारातल्या मंडळींबरोबर मुंबईला जायचं ठरलं होतं, तेव्हा गुडघा धरला. राहिलं होतं ते. आणि हा असा, पृथ्वीच्या पार खालून, बहिणीच्या ओसरीवर, सोनेरी काठाच्या ग्लासात माझ्या ओठापर्यंत आला. मी ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. इतकं वय झाल्यावरही तोंडाला एखादी नवी चव कळते, आणि ती आणून देणारं माणूस आपल्याच मांडीवर वाढलेलं असतं, याला काय म्हणावं?

पण पोरीनं खरं सांगायला बोलावलं होतं.

"ऐक. आंबट चांगलं आहे. वास सुधारते. पण शेवट लवकर संपते. चव पायरीपर्यंत येते अन् उतरत नाई, थांबून जाते. तू घाई केली. अजून झाकून ठेवायची होती."

तिनं मान खाली घातली. सतरंजीचा दोरा उपटत म्हणाली, "हो. अजून चार-सहा महिने पिंपात ठेवायची होती. मालकीण पण तेच म्हणाली. पण मग या सुट्टीत आणता आली नसती. आणि पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी काय? मी मरून जाईन?"

"आजी!"

"एवढ्यात नाई जात मी कुठं. दुसऱ्याच्या मरणाच्या भीतीनं पिंप उघडू नको. पुढची नीट होऊ दे, मग आण. मी आहे."

हे बोलून मी लगबगीनं दुसरी चूळ भरली. ती तोंडात फिरवते आहे, घमेल्याकडे वाकते आहे, तेवढ्यात पायरीवर सावली पडली. मुलगा. हाताला माती, मुठीत संत्र्याच्या खोडाचं सालपट.

"मावशी, कोपऱ्यातल्या झाडाले डिंक्या लागला पाहा. खोडातून डिंक गळून राह्यला." मग त्याचं लक्ष ग्लासाकडे गेलं, घमेल्याकडे गेलं, लेकीच्या ओल्या डोळ्यांकडे गेलं. आणि त्यानं मला विचारलं, "माय, कशी आहे?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला, आणि माझं तोंड भरलेलं! त्याच्यासमोर पिचकारी मारावी तर सगळा प्रसंग मातीत. न बोलावं तर तो वळून जाईल. काय करणार? गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला बसले तेव्हा पाचव्या शिलापाशी जरा अडखळले, आणि मग ते नेहमीपेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. शील रोज नव्यानं घ्यायला सांगितलं आहे याचा मला इतका आधार आधी कधी वाटला नव्हता. ज्यांनी हे ठरवलं त्यांना म्हाताऱ्या बाया माहीत असणार.

तर घोट उतरला आणि मी म्हटलं, "घाई झाली हिची. अजून थांबायचं होतं. पण हात खरा आहे."

त्यानं हात पँटला पुसले. ग्लास माझ्या हातातून घेतला. पोरगी अर्धी उठली, तशीच राहिली. त्यानं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. मला वाटलं आता ठेवून देईल. त्यानं पुन्हा हुंगलं.

"काकाच्या तोंडाले हा वास नव्हता," तो म्हणाला.

बहिणीनं पदर तोंडाला लावला. तो पायरीवर बसला, ग्लास बाजूला ठेवला. त्यानं घोट घेतला नाही, पुढंही कधी घेणार नाही. पण ग्लास लवंडला जाऊ नये म्हणून तो भिंतीच्या कडेला सरकवून ठेवला, हे मी पाहिलं.

"धुकं पडते का तुमच्या तिकडे?" लेकीकडे न बघताच विचारलं.

"हो, बाबा. रोज सकाळी समुद्रावरून येतं. दुपार होईस्तोवर हलत नाही."

"मंग बुरशी येत असन घडाले."

"येते ना. म्हणून घडाभोवतीची पानं काढतो. वारा खेळला पाहिजे."

"दोन्ही अंगची?"

"नाही. सकाळचं ऊन येतं त्या अंगची फक्त. दुसरीकडची काढली तर दुपारी साल करपते."

तो "हं" म्हणाला. पण हा फोनवरचा "हं" नव्हता. संत्र्याचा व्यापारी खरा भाव बोलला की तो असा "हं" करतो.

"अन् पाणी?"

"देत नाही."

"देत नाई म्हणजे?"

"रोपं लहान असतात तेव्हा देतात. मग बंद. मुळं आपली खाली जातात, शोधतात."

आता त्यानं मान वर करून लेकीकडे पाहिलं. त्याच आठवड्यात त्यानं आमच्या बागेचं पाणी तोडलं होतं. आंबिया बहारासाठी आमच्याकडे संत्र्याला असा ताण देतात. पाणी बंद ठेवायचं, झाड कोमेजल्यासारखं होऊ द्यायचं, आणि मग पाणी सोडलं की ते फुलानं लदबदून येतं. हा ताण किती दिवसांचा असावा, पानं कितपत गळू द्यावीत, यावर तो रात्र रात्र जागतो. झाड मेलं तर? हा त्याचा वर्षावर्षाचा घोर.

"म्हणजे तुमचे वेल बाराही महिने ताणावर?" तो म्हणाला. "अन् मरत कसे नाई?"

"काही मरतात, बाबा. माझ्या रांगेतले दोन गेले. मी खणून पाहिलं, मुळं कुठवर गेली होती ते. खाली शिंपल्यांचा थर लागला होता, त्याला फोडून पुढं जाता आलं नाही त्यांना."

"तू खणलं?"

"मीच. दोन दिवस लागले."

त्यानं जवळची काडी उचलली आणि पायरीखालच्या मातीत रेघ ओढली. "जमीन कशी आहे सांग. उतार कोणीकडे? रांगा कशा काढल्या, उताराले आडव्या का उभ्या?" ती सतरंजीवरून उठून त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्याच्या हातातून काडी घेतली, त्याची रेघ पुसली आणि दुसरी ओढली. "असा नाही, बाबा. समुद्र इकडे. वारा इकडून येतो." तो म्हणाला, "थांब, थांब, मंग पहिली रांग सगळा मार खात असन," आणि ती म्हणाली, "तीच तर माझी रांग!"

बहीणही सरकत सरकत पायरीशी गेली. तिच्या डिंक्या लागलेल्या झाडाचंही तिला विचारून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "जरा चहा मिळन का?"

कोणी ऐकलं नाही. आमच्या घरात माझा शब्द हवेतल्या हवेत झेलतात. मी खोकले तरी सून पाणी घेऊन येते. जरा थांबून, आवाज चढवून पुन्हा म्हटलं, "अरे, चहा!" मुलानं माझ्याकडे न पाहता हात वर केला, जरा दम धर, असा, आणि लेकीला विचारलं, "अन् छाटणी? ती सांग. कोण्या डोळ्यावर मारता?"

मी तिसऱ्यांदा मागितला नाही.